शरणप्पाचा आवाज काही ठरेना

उमरग्यात हायवेला लागून जे दवाखाने आहेत, त्यातल्या एकात शरणप्पा एक्स-रे काढतो. "श्वास धरा, हलू नका, सोडा आता," हे तीन हुकूम तो दिवसभर देतो आणि पेशंट मंडळी ते निमूट पाळतात. घरी आपलं कुणी एवढं ऐकत नाही, हे तो स्वतःच सांगतो आणि सांगताना हसतो. वय पंचेचाळीसच्या पुढं, पोटही पुढं, केस तेवढे मागं सरकलेले.

सोलापुरात एक्स-रेचा कोर्स करताना खोलीतल्या दोस्ताकडून तो गिटार शिकला होता. उमरग्यात नोकरी लागल्यावर सास्तूरच्या बिभीषणनं त्याला हेरलं. बिभीषण शेती करायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा चालवायचा. स्वतः कीबोर्ड वाजवायचा, आणि विजेवरची गिटार वाजवणारा माणूस त्याला पाहिजेच होता. पुढं बरीच वर्षं दोघांनी लोहारा, उमरगा, आळंद असे मांडव गाजवले. म्हणजे शरणप्पाच्या म्हणण्याप्रमाणे बिभीषणनं गाजवले आणि शरणप्पा त्याच्या बाजूला काळा चष्मा घालून उभा राहिला. मग डीजे आले. एका टेम्पोत सगळा ऑर्केस्ट्रा मावू लागल्यावर माणसांना कोण बोलावणार? बोलावणी कमी होत होत थांबली. बिभीषण पुरता शेतीत गेला. शरणप्पाची गिटार आधी भिंतीवर गेली, आणि भिंतीला रंग देताना माळ्यावर.

ठरावीक वय उलटलं की माणसाला काहीतरी होतं. कुणी पहाटे पळायला लागतं, कुणी प्लॉट बघत हिंडतं. शरणप्पानं माळ्यावरून गिटार काढली.

आता विजेच्या गिटारची गंमत अशी की तिचा स्वतःचा आवाज डासाएवढा. तिला अँप लागतो. अँप म्हणजे तिचा आवाज मोठा करून, त्याला धार आणि भार देऊन बाहेर फेकणारी स्पीकरची जाड पेटी. तो शरणप्पाचा जुना अँप बिभीषणच्या माळवदावर उंदरांनी संपवला होता. नवा आणला तरी ठेवणार कुठं आणि वाजवणार कसा? घर दोन खोल्यांचं. एका अंगाला हैदराबादकडं धावणारे ट्रक, दुसऱ्या अंगाला शिकवणीचा क्लास, आणि आतल्या खोलीत रक्तदाबाची गोळी घेऊन झोपलेली त्याची आई, अव्वा. अव्वाला नुसतं कुकरच्या शिट्टीनं दचकायला व्हायचं.

त्यावर इलाज मोबाइलवर सापडला. आता म्हणे अँप कॉम्प्युटरच्या आतच असतो. गिटारची वायर एका छोट्या डबीला जोडायची, डबी लॅपटॉपला, आणि लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला सांगायचं की मला अमुक अँपचा, तमुक सभागृहातला आवाज दे. पडद्यावर अँपचं चित्र येतं, माऊसनं बटणं फिरवायची, कानाला हेडफोन लावायचा. आपल्याला वाटतं की आपण मैदानात हजारो लोकांपुढं वाजवतोय. शेजाऱ्याला कळतही नाही.

हे वाचल्यावर शरणप्पाला वाटलं, हे तर आपल्यासाठीच केलंय. गर्दी हजारोंची आणि तोंडावर कुणी काही बोलणार नाही.

एक अडचण होती. असली सॉफ्टवेअरं एक-दोन नव्हती. बघायला गेला तर संपेनात. प्रत्येकात शेकड्यांनी आवाज, प्रत्येक आवाजाला दहा बटणं. शिवाय स्पीकरची पेटी कुठली, तिच्यापुढं माईक कुठला, माईक सरळ की तिरका, खोली लहान की मोठी. सगळंच चित्रातलं, पण निवडावं सगळं लागायचं. परदेशातली दाढीवाली माणसं तासतासभराच्या व्हिडिओत सांगत की हा आवाज गरम आहे, तो जरा कोरडा आहे. शरणप्पाला इंग्रजी बेताचं, पण गरम आणि कोरडं त्याला नीट समजू लागलं. भाकरीला लावायचे शब्द तो आता आवाजाला लावू लागला.

बहुतेक सॉफ्टवेअरं काही दिवस फुकट वापरून बघता येत. मुदत संपली की विकत घ्यायचं, नाहीतर बंद. शरणप्पा विकत घ्यायला तयार होता. पैशाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की हे घेतलं आणि दुसरंच चांगलं निघालं तर? म्हणून मुदत संपली की तो दुसऱ्या नावानं पुन्हा खातं उघडायचा. आधी स्वतःच्या, मग बायकोच्या, म्हणजे राजेश्वरीच्या नावानं, मग अव्वाच्या. त्यामुळं अव्वाच्या नावानं परदेशातून ई-मेल येऊ लागले. 'प्रिय नागरबाई, आज तुमच्या गिटारला नवा गडगडाट द्यायचा का?' शरणप्पानं हे अव्वाला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, हा माणूस कुठल्या गावचा आणि त्याला माझं नाव कुणी सांगितलं.

काही सॉफ्टवेअरं निव्वळ फुकटही होती. त्यांच्याकडं तो बघायचा नाही. फुकटात चांगलं कोण देतं, असा त्याचा हिशेब. दवाखान्यात सवलतीत एक्स-रे काढून मागणाऱ्यांना तो स्वतः जो फिल्मचा कोपरा द्यायचा, तो त्याच्या डोळ्यांपुढं असावा.

संध्याकाळी दवाखान्यातून आला, चहा घेतला की तो कोपऱ्यात बसायचा. त्याला स्वतःला हेडफोनमध्ये ढगफुटी ऐकू यायची. घराला मात्र फक्त सुट्या तारांची टिकटिक यायची. पहिल्या आठवड्यात अव्वाला वाटलं की ट्रंकेत घूस शिरली. तिनं दोनदा ट्रंक उपसायला लावली. मग एकदा ती दारात येऊन उभी राहिली. मुलगा डोळे मिटून, तोंड वाकडं करून मान झटकत होता, आणि आवाज काहीच नव्हता. अव्वा हळूच स्वयंपाकघरात गेली.

"राजे," ती सुनेला म्हणाली, "शरणूला दवाखान्यात दाखव. उशीर करू नको."

"तिथूनच आलेत ते," राजेश्वरी म्हणाली.

राजेश्वरी मुलींच्या शाळेत शिकवायची. बोलणं मोजकं. शरणप्पाला दोन सॉफ्टवेअरांत निवड करता येईना तेव्हा त्यानं तिच्या कानाला हेडफोन लावला. पहिला आवाज वाजवला, मग दुसरा, मग कुठला बरा ते विचारलं. तिनं मन लावून ऐकलं, पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि दोन्हीमध्ये तुम्ही एकाच ठिकाणी अडखळता असा निकाल दिला. शरणप्पानं तिला समजावलं की प्रश्न वाजवण्याचा नाही, आवाजाचा आहे. ती बरं म्हणून वह्या तपासायला गेली. मग त्यानं अव्वाला ऐकवलं. अव्वानं कानावरून हेडफोन काढून हातात धरला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "कुठं तरी लाकूड कापायलेत."

हे दोन्ही अभिप्राय त्यानं दवाखान्यात सगळ्यांना सांगितले. स्वतःची फजिती सांगण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. पण सांगून झाल्यावर तो घरी येऊन पुन्हा तेच करायचा.

अशात श्रावणात बिभीषणचा फोन आला. ऑर्केस्ट्राची एक धून होती, बिभीषणनं स्वतः बांधलेली. नवरदेवाची वरात यायला उशीर झाला की मांडवातली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून ते ती वाजवायचे. नवरदेव येईपर्यंत वाजवायची, असा एकच नियम. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. बिभीषणचं म्हणणं, ती धून कुठंच भरून, म्हणजे रेकॉर्ड करून, ठेवलेली नाही, तर मी कीबोर्ड वाजवतो, तू गिटार वाजव, आणि तुझ्याकडं ते यंत्र आहे म्हणतोस त्यात भरून ठेवू. पुढचंही तो काहीतरी बोलला. शरणप्पाच्या एका कानाला तेव्हा हेडफोन होता. तो हां हां म्हणाला आणि म्हणाला की तेवढा आवाज ठरू दे, की लगेच बसू.

आवाज ठरेना. बिभीषण दर आठ-दहा दिवसांनी फोन करायचा. एकदा शरणप्पानं सांगितलं की अजून कॅबिनेट ठरलं नाही. कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी. बिभीषणला वाटलं कपाट. घरात कपाट घेणं चाललंय तर माणूस गडबडीत असणार, म्हणून तो समजून गप्प बसला. पण त्यानं ते बायकोला सांगितलं. बायकोनं एका रविवारी राजेश्वरीला फोन करून विचारलं की कपाट लाकडी घेतलं का लोखंडी, कारण आम्हालाही एक काढायचंय, पुण्याला नेता येत नाही.

राजेश्वरी फोन ठेवून आत आली. शरणप्पा माईक अर्धा इंच डावीकडं सरकवत होता, म्हणजे पडद्यावर. तिनं त्याच्या कानावरचा हेडफोन स्वतःच्या हातानं काढला. लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिनं असं काही केलं नव्हतं.

"बिभीषण भाऊजी दसरा झाला की पुण्याला चाललेत. कायमचे. लेकाकडं. तुम्हाला म्हायीत हाय का?"

शरणप्पा म्हणाला की नाही. मग म्हणाला की कदाचित सांगितलं असेल.

"शेत बटईनं दिलं. म्हशी इकल्या. कीबोर्ड इकायचाय, पण तुमची वाट बघायलेत म्हणून ठेवलाय."

एवढं बोलून ती गेली. शरणप्पा पडद्यावरच्या माईककडं बघत बसला. ज्या खोलीत तो माईक होता ती खोली नव्हती, ज्या पेटीपुढं होता ती पेटी नव्हती. खरा होता तो फक्त सास्तूरचा बिभीषण, आणि त्याला त्यानं दोन महिने कपाटाच्या नावाखाली बसवून ठेवलं होतं. आपण माणसांच्या छातीतलं बघून पोट भरतो, हे आठवून त्याला स्वतःचीच कीव आली. त्यानं लगेच फोन लावला. पुढच्या रविवारी ये, एवढंच म्हणाला. बिभीषणनं विचारलं, आवाज ठरला का. शरणप्पानं हो म्हणून ठोकून दिलं.

बिभीषण सकाळीच आला. मोटारसायकलच्या मागं वाकळेत गुंडाळलेला कीबोर्ड बांधलेला, जसं काय आजारी माणसाला आणतोय. अव्वानं त्याला धपाटे खाऊ घातले, सुनेची, नातीची विचारपूस केली. पुण्याला पाणी कुठलं, असं विचारून काळजीही केली. मग दोघं कोपऱ्यात बसले. शरणप्पानं ऐटीत लॅपटॉप उघडला आणि निवडलेलं सॉफ्टवेअर चालू केलं. पडद्यावर पाटी आली की नागरबाईंची मुदत संपली आहे. दुसरं उघडलं. राजेश्वरीची संपली होती. तिसऱ्यात त्याची स्वतःची कधीच संपली होती. चौथं मावसभावाच्या नावावर होतं, तेही गेलं. घरात खातं उघडायला माणूस उरला नव्हता. शरणप्पा बिभीषणकडं वळला. त्यानं विचारलं, तुझ्या नावानं एक उघडू का?

बिभीषण वाकळ घडी घालत होता. "माझं नाव ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू वाजव."

"पण आवाज न्हाय रे तिला. अँपबिगर लई बारीक वाजती."

"मग बारीक वाजव."

दोघांत हेडफोन एक. म्हणून शरणप्पानं लॅपटॉपला राजेश्वरीचा शाळेत न्यायचा छोटा स्पीकर जोडला, गिटार आणि कीबोर्ड दोन्हींच्या वायरी डबीला लावल्या आणि डबीसोबत आलेलं, नुसतं भरून ठेवणारं सॉफ्टवेअर उघडलं. बिभीषणनं सुरुवात केली. ती धून शरणप्पानं कमीत कमी शंभर मांडवांत वाजवली होती. त्याचा भाग आला, त्यानं तारेवर बोट ठेवलं आणि बोट भलतीकडंच पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याला कळून चुकलं की बोटांना येतच नाही. इतके महिने हेडफोनमधल्या ढगफुटीत त्यानं काय वाजवलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नव्हतं. गडगडाटात चूक कुणाला दिसते? आता तार उघडी होती, बारीक आणि स्वच्छ, आणि प्रत्येक घोटाळा पहिल्या बाकावरच्या पोरासारखा समोर दिसत होता. राजेश्वरीनं सांगितलेलं अडखळणं तर अगदी ठरलेल्या जागी, वक्तशीर.

"म्या इसरलो गड्या," तो म्हणाला.

बिभीषणनं धून निम्म्या वेगानं धरली आणि डोळ्यांनी खुणावलं. लग्नात नवरदेव अजून वेशीवरही नाही असं कळल्यावर ते जसं सावकाश वाजवायचे, तसं. शरणप्पा मागं मागं चालू लागला. दुपार झाली. राजेश्वरीनं जेवायला वाढलं, ते जेवून परत बसले. बोटांची टोकं लाल झाली. बाहेर ट्रक हॉर्न देत होते, पण त्यांची वायर लॅपटॉपला जोडलेली नव्हती, त्यामुळं आत फक्त दोघंच भरले जात होते. चारच्या सुमाराला एकदा सगळं जुळून आलं. मधे एका जागी शरणप्पा घसरला, पण बिभीषण थांबला नाही, म्हणून तोही थांबला नाही, आणि धून शेवटपर्यंत गेली. शेवट असा तिला कधी नव्हताच. त्या दोघांनी एकमेकांकडं बघून हात उचलले, तोच शेवट.

अव्वा दारात बसून गहू निवडत होती. तिनं विचारलं, "मशीन दुरुस्त झालं व्हय?"

बिभीषण गेल्यावर शरणप्पानं ते भरलेलं ऐकलं. गिटार खरंच बारीक होती, डबीत वाजल्यासारखी. तेव्हा त्यानं पहिल्यांदाच त्या भरून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती सुरुवातीपासून वाचली. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की गिटार आधी साधी भरून ठेवता येते आणि अँप नंतर कधीही, कितीही वेळा बदलता येतो. आधी वाजवायचं, मग निवडायचं. एवढे महिने त्यानं नेमकं उलटं केलं होतं, आणि वर मित्राला कारणही दिलं होतं. त्यानं हे राजेश्वरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं लिहून ठेवलंय.

मग त्यानं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात अँप तीनच होते, बटणंही थोडी. तिन्हींतून ती गिटार काढली, तीन तऱ्हा केल्या आणि बिभीषणला पाठवून विचारलं की कुठली ठेवू. एक गरम आहे, एक कोरडी आहे, एक मधली आहे, असंही लिहिलं. बिभीषण तेव्हा सामान बांधत होता. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिन्ही चांगल्या आहेत, पण मधे तू एकदा घसरलास ते तिन्हीत आहे, तेवढं काढू नको.

शरणप्पानं मधली ठेवली. कुठलीही ठेवली असती तरी चाललं असतं, हे त्याला आता कळत होतं, आणि कळूनही मधलीच ठेवायला त्याला एक आख्खी संध्याकाळ लागली.

बिभीषण पुण्याला गेला. कीबोर्ड त्यानं शेवटी विकला नाही, सुनेच्या नाकावर टिच्चून सोबत नेला. आता तो तिकडं नातीला सांभाळतो, ती झोपली की काहीतरी वाजवून इकडं पाठवतो, आणि शरणप्पा त्यावर गिटार वाजवून परत पाठवतो. दोन धुनी तयार झाल्यात. तिसरीत शरणप्पा अडलाय, पण या खेपेला बोटांपायी.

दिवाळीनंतर राजेश्वरी भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला गेली आणि बिभीषणच्या घरी डोकावून आली. आल्या आल्या तिनं सांगितलं की भाऊजींनी तुमची धून फोनला लावलीय, रिंगटोन म्हणून. फोन करणाऱ्याला रिंगटोन ऐकू येत नाही, त्यामुळं रोज फोन करूनही शरणप्पाला हे माहीत नव्हतं. त्यानं आधी पाणी पिऊन घेतलं आणि मग विचारलं की गिटार कशी वाटते, फार टोचत नाही ना?

राजेश्वरीनं आठवून बघितलं. म्हणाली की गिटार काही आली नाही. सुरुवात कीबोर्डची आहे, आणि भाऊजी पहिल्या रिंगलाच फोन उचलतात.

त्यानं त्याच संध्याकाळी बिभीषणला फोन लावला, नातीची तब्येत विचारली, थंडी किती आहे ते विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "एक सांगू का? फोन जरा उशिरा उचलत जा."